मागायला शिकलो ती सुगी

बदलापुरात आता भात उरलंय कुठे? तरी कार्तिक लागला की एखादी पहाट अशी येते, की गॅलरीचं दार उघडल्याबरोबर कापलेल्या भाताचा वास येतो आणि मी हातातला चहा तसाच धरून उभी राहते. आमच्या इमारतीमागे एक चिंचोळा तुकडा आहे. भावाभावांच्या कोर्टकचेरीत अडकला म्हणून वाचला, नाहीतर तिथेही केव्हाच पार्किंग झालं असतं. त्यात कुणीतरी अजून भात लावतं, कापतं, पेंढ्या बांधतं. काल सुनेला म्हटलं, "वास आला का गं?" ती म्हणाली, "कसला? गॅसचा?" आणि धावत स्वयंपाकघरात गेली. जाऊ दे.

याच दिवसांत दारावर मागणारेही येतात. परवा दुपारी दोन मुली आल्या. गळ्यात ओळखपत्रं, हातात कुठल्याशा आश्रमाचं गुळगुळीत पत्रक. एकीनं पाठ केलेलं घडाघडा म्हटलं, "नमस्कार आजी, फक्त दोनच मिनिटं घेते, तुमची इच्छा असेल तरच, नसेल तरी काही हरकत नाही..." मी म्हटलं, "हरकत नाही काय? मग एवढ्या उन्हातून आलीस कशाला?" पोरगी गोरीमोरी झाली. मग दोघींना आत घेतलं, पंखा लावला, पाणी दिलं आणि चांगली तासभर शिकवणी घेतली. सून आतून डोळे मोठे करत होती. तिला वाटलं, म्हातारी पैसे देऊन मोकळी होईल तर बरं.

पण मला बोलायचा अधिकार आहे. मी मागायला शिकलेली बाई आहे. रीतसर, पगार घेऊन, एका अख्ख्या सुगीत. पुढे कितीतरी वर्षं मी इतर मुलींना तेच शिकवलं. शिकवणं सोपं असतं हो. शिकले ती सुगी मात्र अजून अंगावर येते.

स्वातंत्र्याला काही वर्षं झाली होती, रेशनिंग नुकतं उठलं होतं. उल्हासनगरला तेव्हा आमच्याकडे कुणी उल्हासनगर म्हणत नसे, कॅम्प म्हणत. लढाईच्या वेळी सोजिरांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी, आणि त्यांत सिंधमधून सगळं सोडून आलेली माणसं. मध्ये गोणपाटं टांगून एकेका बराकीत कितीतरी संसार. अंबरनाथ आणि कॅम्प यांच्या मधोमध अशीच एक सुटी बराक होती. अंबरनाथच्या एका दत्तमंदिराच्या सेवा मंडळानं ती मिळवली आणि तिथे बाळंतघर काढलं. बाळंतघर म्हणजे चार खाटा, एक नर्सबाई, अधूनमधून येणारे कल्याणचे डॉक्टर, आणि मागच्या पडवीत चुलीचं स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरावर सगळं उभं होतं. लांबच्या पाड्यांवरच्या बायका दिवस भरायच्या आधीच येऊन राहायच्या. त्यांना दोन वेळ गरम जेवायला घातलं नाही, तर त्या येणार कशाच्या जोरावर?

माझ्या वहिनीचं पहिलं मूल बैलगाडीत गेलं होतं. तेव्हा हे बाळंतघर नव्हतं. बदलापूर गावातून कल्याणला नेत होतो. वाटेत रेल्वेचं फाटक लागलेलं, मालगाडी संपता संपेना. वहिनी गाडीतच मोकळी झाली आणि मूल रडलंच नाही. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती मला सारखी विचारत होती, "रडलं का? रडलं का?" मी काय सांगणार? तो मालगाडीचा खडखडाट अजून माझ्या कानात आहे. पुढच्या वर्षी बाळंतघर निघालं आणि वहिनीला पुन्हा दिवस राहिले. माघात बाळंत व्हायची होती. मंडळाला धान्य गोळा करायला पगारी बायका हव्यात असं कळलं, तेव्हा मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, पास झालेली, घरी बसलेली. घरात भांडून गेले. माघापर्यंत ती बराक चालू राहिली पाहिजे, एवढं एकच मला कळत होतं.

आमचे बाबा शेतकरी. जमीन थोडकी, पण ताठा पाटलाचा. "माझी पोर दारोदार झोली घेऊन फिरनार?" म्हणाले आणि माझ्याशी बोलायचे बंद झाले. मग मीही बोलले नाही. शेवटी मी त्यांचीच पोर.

आम्हाला शिकवायला मंडळानं आक्कांना ठेवलं होतं. पुण्याकडच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. पांढरं लुगडं, उंची बेताची, आवाज मात्र असा की देवळातली कबुतरं उडावीत. शिकणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि अंबरनाथची मथुरा. मथुरेचा नवरा आगपेट्यांच्या कारखान्यात होता आणि ही बाई स्वतः काडीसारखीच, जरा घासलं की पेटली.

पहिल्या दिवशी आम्ही सभामंडपात हात जोडून, माना खाली घालून बसलो. "माना वर!" आक्का म्हणाल्या. "देवापुढे वाकून झालं ना? आता माणसांपुढे जायचंय." मग त्या स्वतः खाष्ट सासू होऊन खांबाला टेकून बसल्या आणि मला म्हणाल्या, हं, माग. मी सुरुवात केली, "आजीबाई, बाळंतघरातल्या बिचाऱ्या बायकांसाठी..."

"कोण बिचारी?" आक्का कडाडल्या. "नऊ महिने जीव पोटात वाढवते ती बिचारी? तिला भात हवाय, कीव नकोय. पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं. पुन्हा चुकलं. संध्याकाळच्या आरतीपर्यंत आम्ही त्या खांबाकडे भातच मागत होतो. कशासाठी हवंय ते एका दमात सांगायचं आणि तोंड मिटायचं, हे आक्कांचं पहिलं सांगणं. "तुम्ही बायका तिथेच घोळ घालता. समोरची विचार करत असते आणि तुम्हीच म्हणता, नसलं तरी चालेल हो! अगं, चालणार नाहीये म्हणून तर आलात." पुरुषाकडे मागून कणगी उघडत नाही, घरच्या बाईशी बोलायचं. नाही म्हणणाऱ्या घरचंही पाणी पिऊन निघायचं, रागावून उठायचं नाही. आणि माप भरताना मापाकडे बघायचं नाही, दाराच्या चौकटीकडे बघायचं. देणाऱ्याचा हात किती उचलला गेला ते मोजणारे आपण कोण? हे शेवटचं मला फार आवडलं. पुढे माझ्या हाताखालच्या मुलींनी बाकी सगळं विसरलेलं मी चालवून घेतलं, पण मापावर नजर ठेवणारीला मी दुसऱ्या दिवशी घरी बसवलं आहे.

काही गोष्टी मात्र आक्कांना आम्ही शिकवल्या. खळ्यावर चपला घालून जायचं नाही, हे त्या पुण्याच्या बाईंना काय माहीत? राशीची पूजा झाल्याशिवाय तिथे रिकामी गोणी उघडायची नाही, हेही मीच सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "बरं झालं बोललीस. नाहीतर मार खाल्ला असता." हे मोठेपण त्यांच्यात होतं.

आणि एक गोष्ट त्यांनी निक्षून सांगितली. कॅम्पात मागायला जायचं नाही. "त्या लोकांचं घरदार गेलं, त्यांच्यापुढे हात पसरायला जीभ कशी रेटेल?" आम्ही दोघींनी माना डोलावल्या. मंडळात सगळ्यांनाच ते पटलेलं होतं. खाटांवरच्या निम्म्या बायका कॅम्पातल्या असायच्या, जेवून, बाळ घेऊन घरी जायच्या, आणि त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही असं नर्सबाईंना सांगूनच ठेवलं होतं. आपण किती चांगले, असं वाटायचं आम्हाला. खोटं कशाला सांगू, छान वाटायचं.

त्या वर्षी कार्तिकात भात कापून शेतात पसरलेलं होतं आणि अवेळी पाऊस आला. आला तो मुक्कामालाच आला. सुगीचा वास कसा असतो? कोरडा, गोडसर, नाकात हलकेच कुसळ टोचल्यासारखा. त्या वर्षी सगळ्या शिवारांतून कुबट, आंबूस वास उठला. पेंढ्या उचलाव्यात तर आतून लोंब्यांना हिरवे कोंब फुटलेले. आमच्या खळ्यावर झोडणी झाली तेव्हा दाणा काळवंडलेला पडला. बाबा त्या राशीकडे पाठ करून बसले होते.

तरी आम्ही निघालो. मार्गशीर्षातलं धुकं नदीवरून वर चढत असायचं, बांधावरच्या दवानं लुगड्याची किनार ओली व्हायची, आणि मी न् मथुरा गोणी काखेला मारून वाड्यावस्त्या धरायचो. शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. एका दमात सांगितलं, तोंड मिटलं, चौकटीकडे पाहिलं. पण असणार तर देणार ना! एका घरी म्हातारीनं आम्हाला हाताला धरून कणगीपाशी नेलं आणि म्हणाली, "बघ गो बाय, आत वाकून बघ." आम्ही तिच्या हातचं पाणी प्यायलो आणि निघालो. बांधावर येऊन मथुरा रडली. मी तिच्यावर ओरडले, "रडतेस काय? उद्या पलीकडच्या पाड्यावर जाऊ." रडू मलाही येत होतं, पण मला वहिनी दिसत होती. ती घरी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत असायची आणि मी दिसले की माझ्या चेहऱ्याकडे न बघता आधी माझ्या गोणीकडे बघायची.

मंडळाच्या अध्यक्षांनी आक्कांना बोलावून सांगितलं की संक्रांतीपर्यंत धान्याची कोठी भरली नाही, तर स्वयंपाकघर बंद, आणि स्वयंपाकघर नाही तर बाळंतघरही नाही. माणूस वाईट नव्हता. उपाशी बाळंतिणी ठेवून देवाच्या नावाला बट्टा लावणार नाही, म्हणाला. त्याचंही खरंच होतं. संक्रांत गेली की माघ दारात उभा.

आता वाटतं, माणूस मागताना घाबरतो कशाला? नकाराला? छे. नकार पचतो. माणसाला भीती असते आपण लहान होऊ याची. आक्कांनी ती भीती आमच्यातून घासून काढली होती, हे कबूल करायला हवं. पण समोरच्याला लहान करायचं पाप आपल्या हातून होऊ शकतं, हे त्यांच्या शिकवणीत नव्हतं. ते ईश्वरीबाईनं शिकवलं.

बाळंतघराच्या मागच्या पडवीत एका दुपारी मी रिकामी गोणी झटकत होते. कॅम्पाच्या बाजूनं एक सिंधी बाई तरातरा आली. पांढरी सलवार, डोक्यावर ओढणी, हातांना पापडाचं पीठ तसंच लागलेलं. तिची सून पावसाळ्यात आमच्याकडे बाळंत झाली होती, म्हणून तोंडओळख होती. हीच ईश्वरीबाई.

"अडी बेटी, चावल मांगनेवाली तुम ही ना?"

"हो."

"गांव गांव जाती हो. मेरे घर क्यों नहीं आई?"

मी चाचरले. "अम्मा, आपका तो सब उधर रह गया ना..."

"घर उधर रह गया. हाथ भी उधर रह गया क्या?" तिनं पिठाचे दोन्ही हात माझ्या तोंडापुढे धरले. मग ओढणीची दोन टोकं पकडून समोर पसरली. देवापुढे त्या बायका अशाच मागतात, पूजेच्या शेवटी, पल्लव म्हणतात त्याला. "ये मैं झूलेलाल के सामने फैलाती हूं. और किसी के सामने नहीं. मेरी बहू ने तुम्हारा खाया, मेरा पोता हुआ. मैं देने आई तो नर्सबाई बोली, कुछ नहीं, कुछ नहीं. सब से लेते हो, हमसे कुछ नहीं? हमको क्या समझा?"

तिचा आवाज कापत होता, आणि तो रागानं कापत होता. मला एवढी शरम वाटली म्हणता! तिच्या घरी काय आहे आणि काय नाही हे आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं, तेही देवळात बसून.

मी तशीच मंदिरात गेले आणि आक्कांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी घालून दिलेला नियम मोडायचा?" मी म्हटलं, "मोडायचाच. चुकलाय तो." मथुरा खांबाआड सरकली. मला वाटलं, गेली आता नोकरी. आक्का बराच वेळ समईची वात उगाचच पुढे-मागे करत बसल्या. मग म्हणाल्या, "ती बाई राहते कुठे ते विचारून ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का गोणी स्वतःच्या खांद्यावर टाकून तयार. मी घ्यायला गेले तर हात झटकला. बराकींच्या रांगांतून आम्ही चाललो. दोन्ही बाजूंना खाटांवर पापड वाळत घातलेले, हिंगाचा आणि मिरीचा वास, गोणपाटांआडून येणारी ती घाईघाईची सिंधी बोली. ईश्वरीबाईच्या दारात आक्का उभ्या राहिल्या. त्यांचं हिंदी म्हणजे आनंदच होता. "बाई, बाळंतघर में बायका लोग को जेवने को लगता है. धान्य मंगताय. पैले नहीं मांगा, वो हमारा चुक्या." एवढं बोलून त्यांनी तोंड मिटलं, शिकवल्याप्रमाणे.

ईश्वरीबाई आत गेली. बाहेर आली ती पितळी पातेलं शिगोशीग भरून गव्हाचं पीठ घेऊन. आक्का गोणीचं तोंड धरून उभ्या होत्या आणि चौकटीकडे बघत होत्या. चौकट होती कुठे, गोणपाटच होतं. पण त्या त्याच्याकडेच बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बस?" मी हळूच विचारलं. "बस कसली? पुढचं दार बघ," आक्का म्हणाल्या.

मग काय विचारता! ईश्वरीबाई आमच्या पुढे चालायला लागली. दारं ठोठावायला लागतच नव्हती. कुणी म्हणायचं, आमच्या मुलीचं बाळंतपण तुमच्याकडेच झालं. कुणी म्हणायचं, आमच्या शेजारणीचं. रोज कणीक मळायच्या आधी एक मूठ बाजूला काढायची, असं बायकांनी आपापसांत ठरवलं, आणि आठवड्याला ती पोचती करायची. पिठाचा डोंगर झाला. आता आमच्या पाड्यांवरच्या बायकांना बाळंतपणात भाताची पेज लागते, पिठाची पेज कोण पिणार? मथुरा म्हणाली, लापशी करू. बायकांनी तोंडं वाकडी केली. शेवटी कॅम्पातल्याच एका धान्यवाल्यानं पीठ घेऊन तांदूळ द्यायचं कबूल केलं, आणि उरलेल्या पिठाच्या ईश्वरीबाई स्वतः येऊन कांदा घातलेल्या जाडजूड पोळ्या लाटायला लागली. कोकी म्हणतात तिला. पाड्यावरची एक जण पहिल्या दिवशी नाक मुरडून बसली होती, तिनं तिसऱ्या दिवशी दोन मागून घेतल्या.

संक्रांतीला अध्यक्ष आले. कोठीचं दार उघडून आत डोकावले आणि म्हणाले, "हे एवढं कुठून आणलंत?"

"मागून," आक्का म्हणाल्या.

माघात वहिनीला गाडीत घालून आणलं. यावेळी फाटक ओलांडायचं नव्हतं. तरी वाटेत कुठेतरी इंजिनाची शिटी झाली आणि वहिनीनं माझा हात असा आवळला की बांगड्या पिचल्या. बाहेर व्हरांड्यात आम्ही बसलो, आई, मी, ईश्वरीबाई. आई आपल्या देवाला हात जोडत होती, ही आपल्या देवापुढे ओढणी पसरत होती. दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नव्हतं. उन्हं कलताना आतून रडणं ऐकू आलं. केवढ्यानं रडली ती पोरगी! वहिनी आतून ओरडली, "रडलं! रडलं गो!" आजवर मी पुष्कळ गाणी ऐकली, पण त्या रडण्याची सर कशाला आली नाही.

बारशाला सगळी घरी होती. अंगणात बाकीच्या बायका पाळण्याची तयारी करत होत्या. बाबा ओटीवर नातीला मांडीवर घेऊन बसले होते. माझ्याशी त्यांचं अजून मोजकंच बोलणं होतं. मी समोरून जात होते, तर म्हणाले, "साऱ्या गावाच्या दारात गेलीस गो. कॅम्पात गेलीस. माझ्या दारात कवा आलीस?"

मला वाटलं, टोमणा मारताहेत. मी म्हटलं, "तुम्हालाच आवडत नव्हतं ना?"

"ते न्हाय इचारलं मी. मागाया का न्हाय आलीस?"

"बाबा, यंदा आपल्या घरात काय होतं? मी खळ्यावरच होते ना. माझ्यादेखत दाणा काळा पडला."

बाबांनी नातीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. वर न बघता म्हणाले, "ते मी बघीन. तू मागाचं होतं."

ईश्वरीबाईला जे केलं तेच मी माझ्या बापाला केलं होतं, तेही तिनं तोंडावर सांगितल्यानंतर. ती आली आणि बोलून गेली. हा माणूस सगळी सुगी ओटीवर बसून राहिला, मी गोणी घेऊन समोरून जाताना बघत राहिला, आणि गप्प राहिला.

वहिनी आतून म्हणाली, "माग की गो."

मी अंगणात उतरले. पाय धुतले. पायरी चढून वर आले आणि बाळंतघरासाठी काय हवंय ते बाबांना एका दमात सांगितलं. बाबांनी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं. मग नातीला माझ्या हातात दिलं आणि उठून आत गेले. कणगीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

किती दिलं ते मला विचारू नका. मी पाहिलं नाही.